बकऱ्याच्या कातड्याचं घुमट: एक चवथ, एक शिगमो आणि आता पुन्हा पाऊस

आमच्या आरतीच्या पथकात नव्याने येणाऱ्या मुली हमखास एक प्रश्न विचारतात: बकऱ्याच्या कातड्याचं घुमट घ्यावं का, की ते नुसतं नावाला घुमट? घुमट म्हणजे मातीच्या भांड्यावर कातडं ताणून केलेलं गोव्याचं तालवाद्य; पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं लावत. मी माझं गेल्या चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, तोंडावर घेतलं. तेव्हापासून ते पावसात, थंडीत, शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या, उन्हात आणि एकदा तर एसी हॉलमध्येही वाजवून झालं. तेव्हा एकदाच सविस्तर लिहून टाकते.

मी तटस्थ नाही, हे आधीच सांगते. मी गोव्यात, फोंड्याच्या बाजूला राहते. रात्री लिहीत बसते, आणि फोन आला की जखमी कुत्री-मांजरं उचलायला जाते. कधीकधी बोलावणं घोरपडीसाठी असतं. तिथे आपलं काम वन खात्याला कळवणं आणि माणसं येईपर्यंत बघ्यांना लांब ठेवणं एवढंच. भाजीच्या मळ्याभोवती नायलॉनचं जाळं लावतात, त्यात ती अडकते. सुटायला जितकी ओढते तितका धागा कमरेत रुततो. मग फुत्कार, शेपटीचे फटके. डोक्यावर ओलं पोतं टाकलं की जरा शांत होते आणि वन खात्याचा माणूस कात्रीने एकेक धागा कापत बसतो. जवळून पाहिलं तर तिच्या पोटावरचे खवले बारीक मणी ओवल्यासारखे दिसतात. अशाच एका दुपारी बघ्यांतल्या एकाने मान डोलावत म्हटलं, "हिचं कातडं मिळालं तर घुमट काय वाजेल!" तो वाईट माणूस नव्हता. चवथीला आमच्या वाड्यावर उत्तम आरत्या म्हणतो.

घोरपड 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. शिकार किंवा कातड्याचा व्यवहार सिद्ध झाला तर 3 ते 7 वर्षांची कैद. इकडे 2019मध्ये घुमट गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर झालं. म्हणजे वाद्य जपायचं आणि त्याचं जुनं कातडं मात्र वापरायचं नाही. बकऱ्याचं कातडं या पेचातून पुढे आलं, हौसेने नव्हे.

आता वस्तूकडे वळू. भांडं भाजलेल्या मातीचं. मोठ्या तोंडावर कातडं ओलं असताना ताणून दोरीने आवळतात आणि सुकू देतात. दुसरं तोंड लहान आणि उघडं. उजव्या हाताची बोटं कातड्यावर चालतात, डावा तळवा मागचं तोंड झाकतो-उघडतो आणि त्यातून तो घुमारा निघतो. माझ्या घुमटाची माती छान भाजलेली आहे, टिचकी मारली की खणखणीत बोलते. डाव्या तळव्याचं काम बकऱ्याच्या कातड्यावरही तितकंच चोख होतं, किंबहुना खर्ज जास्त भरदार येतो. कमी पडतो तो वरचा, बोटाच्या टोकाचा टणत्कार. घोरपडीचं कातडं पातळ, त्यामुळे तो बोल कापत जायचा. सुंवारीत, म्हणजे घुमटांच्या सामूहिक वादनात, लय चढते, शामेळ (काठ्यांनी वाजवायचं ढोलासारखं वाद्य) आणि कांसाळें (झांजा) अंगावर येतात, तेव्हा माझे बारीक बोल त्यात बुडतात. पथकातल्या काकांनी पहिल्याच दिवशी ऐकून निकाल दिला होता, "आवाज बरो आसा, पूण तो न्हय." मला तो निकाल आजही मान्य आहे. फक्त "तो" आवाज कुठून यायचा, हे माहीत असल्यावर त्याची हळहळ वाटत नाही.

खरी परीक्षा पावसाची. चवथ येते भाद्रपदात, आणि बकऱ्याचं कातडं दमट हवेत पाणी पितं. पहिल्या घरची आरती संपवून छत्रीखालून दुसऱ्या घरी पोचेपर्यंत ते ढिलं पडतं आणि आवाज धप्प होतो. जुनी माणसं निखाऱ्यावर धरून शेकायची. आम्ही गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या माटोळीखाली हेअर ड्रायर लावून बसतो. यजमानीणबाई नेवऱ्यांचं ताट घेऊन येतात आणि आधी आमच्याकडेच बघत राहतात. ड्रायर लांबून फिरवत धरायचा. एकाच जागी रोखला तर कातडं कडेला चिरतं, आणि थंड मातीला एकदम धग लागली तर भांड्याला केसासारखी चीर जाते. प्रवासात मी कातड्यावर जुनं सुती लुगडं आणि त्यावर प्लॅस्टिक बांधते. घरी आल्या आल्या प्लॅस्टिक काढायचंच, नाहीतर बुरशी धरते.

शिगम्याला मात्र हेच घुमट वेगळंच वागतं. फाल्गुनातली कोरडी हवा, कातडं ताठ, हात पडायचा अवकाश की बोल उमटतो. ज्यांनी ते फक्त चवथीला ऐकलंय त्यांनी मार्चमध्ये ऐकावं आणि मग बोलावं. एसी हॉलमध्येही तसंच: आत तासभर बसलं की सूर चढतो. तिथे व्हायोलिनबरोबर मांडो, म्हणजे गोव्यातलं संथ कोंकणी गीत, वाजवायचा होता, म्हणून घुमट आधीच आत नेऊन ठेवलं होतं. माईकवाल्याने नेहमीप्रमाणे एकच माईक कातड्यासमोर लावला. अर्धा आवाज मागच्या तोंडातून येतो, हे सांगून दुसरा मागून तिरका लावून घेतला, तेव्हा कुठे घुमट घुमटासारखं वाजलं. हे कार्यक्रमाआधीच भांडून घ्या.

घरात कुत्री असतील तर एक वेगळीच अडचण. माझ्याकडे रस्त्यावरून आणलेली आहेत, आणि त्यांच्या दृष्टीने हे वाद्य म्हणजे मोठा चामड्याचा खाऊ. ओलं झालं की वासही येतो. एकीने कडेची दोरी चघळून ठेवली, तेव्हापासून घुमट लिहायच्या टेबलावर उंच खुंटीला टांगलेलं असतं. गंमत म्हणजे मी कितीही बडवलं तरी हीच मंडळी पाय पसरून घोरतात. फटाका वाजला की मात्र पलंगाखाली. चवथीच्या रात्री हरवलेल्या कुत्र्यांसाठी जे फोन येतात, त्यांत आरत्यांचा दोष शून्य.

गळ्यात अडकवायची दोरी बारीक होती, खांदा कापायची. दुसऱ्या दिवशी लिहायला बसलं की डावा हात वर उचलेना. सुती साडीची घडी घातलेली पट्टी लावल्यावर ते थांबलं. फायबरचं भांडं हलकं असतं, मैत्रिणीचं वाजवून पाहिलं. मिरवणुकीला ठीक, पण मातीची ऊब त्यात नाही.

"बकरा प्राणी नाही का?" हा टोमणा मला दोन्ही बाजूंनी ऐकावा लागतो. आहे. पण बकरा घुमटासाठी मारला जात नाही. खाटकाकडे पडलेल्या कातड्याचा हा वापर आहे. घोरपड मात्र कातड्यासाठी, मांसासाठी, अंधश्रद्धेपोटी मुद्दाम मारतात. हा फरक मला पुरतो. ज्यांना पुरत नाही त्यांनी कृत्रिम पडदा लावावा, त्यांच्याशी माझं भांडण नाही.

घ्यायचं असेल तर चवथीच्या ऐन गर्दीत घेऊ नका. पावसात चढवलेलं कातडं नीट सुकत नाही. भांडं उचलून टिचकी मारा, आवाज फुटका आला तर खाली ठेवा. दोरीचे वेढे घट्ट आणि सारख्या अंतरावर आहेत का पाहा. कातड्यावर केसांची खुंटं राहिलेली नसावीत, तिथे बोट अडतं. आणि दुकानदार आवाज खाली आणून "आतमध्ये अस्सल आहे, दाखवू?" म्हणाला, तर तिथून निघा आणि वन खात्याला फोन करा. माझ्या घुमटाचं कातडं आता मधोमध सैलावलंय. ते मी दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की बदलून घेणार आहे, आणि पुन्हा बकऱ्याचंच लावणार आहे.