एका गुणाने ठरलेले तीन हंगाम: सेरी ए बघायला कुठून सुरुवात करावी?

जून उजाडला की युरोपातल्या लीग संपलेल्या असतात आणि रात्री जागून फुटबॉल बघणारी मंडळी रिकामी होतात. मग कोणीतरी हमखास विचारतं, "इटलीचा एखादा जुना हंगाम सलग बघायचाय, कोणता घेऊ?" सेरी ए म्हणजे इटलीची अव्वल लीग, आणि माझ्याकडे या प्रश्नाला तीन उत्तरं आहेत: १९९९-२०००, २००१-०२ आणि २०२४-२५. तिन्ही हंगामांचा विजेता शेवटच्या दिवशी ठरला, तिन्ही वेळा पहिल्या आणि दुसऱ्या संघात एकाच गुणाचा फरक होता आणि तिन्ही वेळा रोमच्या लाझिओ क्लबचा त्यात हात होता. निकाल पुढे सांगून टाकणार आहे, त्यावर रागावू नका. हे सामने निकालासाठी बघायचेच नसतात.

आधी हिशेब. पहिल्या दोन हंगामांत लीगमध्ये १८ संघ होते, म्हणजे प्रत्येकाचे ३४ सामने. २०२४-२५ मध्ये २० संघ आणि ३८ सामने. २००० साली लाझिओ ७२, युव्हेंटस ७१. २००२ साली युव्हेंटस ७१, रोमा ७०, इंटर ६९. २०२५ साली नापोली ८२, इंटर ८१. जुन्या दोन्ही हंगामांत व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून रेफ्रीचा निर्णय तपासायची सोय, नव्हतं, त्यामुळे रेफ्रीने शिट्टी मारली की विषय संपला. किंवा इटलीतल्या रिवाजाप्रमाणे तिथून सुरू झाला. चित्राचं म्हणाल तर जुने सामने चौकोनी आणि धूसर दिसतात. मोठ्या टीव्हीवर लावलेत तर चेंडू शोधावा लागेल, मोबाइलवर त्यामानाने बरे दिसतात.

१९९९-२०००: आठ आठवड्यांचा पाठलाग

या हंगामाची पहिली दोन तृतीयांश वाट सरळ आहे. युव्हेंटस पुढे, बाकीचे मागे. आठ फेऱ्या उरल्या तेव्हा कार्लो अँचेलोट्टीचा हा संघ लाझिओच्या नऊ गुणांनी पुढे होता. झिदान, देल पिएरो, डाव्हिड्स, फिलिप्पो इनझागी अशी माणसं घेऊन नऊ गुण घालवायला विशेष मेहनत लागते. ती त्यांनी घेतली.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मिलानकडून २-० हार. दोन्ही गोल शेवचेन्कोचे. इटलीतल्या पहिल्याच हंगामात २४ गोल करून तो सर्वाधिक गोल करणारा ठरला. दुसऱ्याच दिवशी लाझिओने आपल्याच शहरातल्या कट्टर प्रतिस्पर्धी रोमाला २-१ असं हरवलं. १ एप्रिलला तुरिनमध्ये दोघे समोरासमोर आले आणि दिएगो सिमेओनेच्या हेडरवर लाझिओ १-० जिंकला. फरक तीनवर. मग लाझिओ फ्लोरेन्समध्ये ३-३ असा अडकला, लोकांनी आशा सोडली, तर युव्हेंटस व्हेरोनात २-० हरून बसला. शेवटून दुसऱ्या फेरीत युव्हेंटस पार्माविरुद्ध १-० पुढे असताना अगदी अखेरीस कान्नाव्हारोने हेडरवर बरोबरीचा गोल केला आणि रेफ्रीने तो नाकारला. का, ते आजतागायत धड कोणाला समजलेलं नाही. रोममध्ये लाझिओचे समर्थक रस्त्यावर उतरले.

१४ मे २०००, शेवटचा रविवार. युव्हेंटस ७१, लाझिओ ६९. युव्हेंटसने पेरुजात बरोबरी साधली आणि लाझिओ जिंकला तर गुण सारखे आणि निर्णयासाठी जादा सामना. लाझिओने आपलं काम रेज्जिनाला ३-० हरवून चोख केलं. तिकडे पेरुजात मध्यंतराला ०-० होतं आणि आभाळ फाटलं. मैदानाचं तळं झालं. रेफ्री पिएरलुइजी कोलिना, तोच टक्कल आणि मोठ्या डोळ्यांचा, छत्री घेऊन मैदानात यायचा, चेंडू आपटून बघायचा, चेंडू चिखलात रुतायचा, कोलिना परत आत जायचा. असं तासाभराहून जास्त चाललं. भातखाचरात खेळवावा तसा दुसरा हाफ शेवटी सुरू झाला आणि काही मिनिटांतच पेरुजाच्या कालोरी नावाच्या बचावपटूने गोल मारला. पेरुजाला त्या सामन्यातून काही मिळवायचं नव्हतं. त्यांचा प्रशिक्षक कार्लो मात्झोने तर जन्माचा रोमावाला, आणि त्याच्याच संघाने लाझिओच्या ताटात विजेतेपद वाढलं.

रोममध्ये लाझिओचा सामना कधीच संपलेला होता. प्रेक्षक घरी गेले नव्हते. हजारो लोक स्टेडियममध्ये कानाला रेडिओ लावून दुसऱ्या गावचा सामना ऐकत होते. संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी तो संपला. क्लब स्थापन होऊन शंभर वर्षं झालेली आणि हे लाझिओचं फक्त दुसरं विजेतेपद. पहिलं १९७४ चं.

या हंगामाची उणी बाजू: फेब्रुवारीपर्यंतचं बरंचसं फुटबॉल सावध आहे. युव्हेंटस एक गोल करायचा आणि दार लावून घ्यायचा. लाझिओकडे मात्र वेरॉन, नेदवेद, नेस्ता, मिहायलोविच होते. वेरॉनचे चाळीस यार्डांचे पास बघायला मी आजही अधूनमधून हे सामने काढतो.

२००१-०२: एक दुपार

हा हंगाम लोक एका तारखेने ओळखतात: ५ मे २००२. इटलीत इंटरच्या माणसासमोर नुसतं 'पाच मे' म्हटलं तरी चेहरा पडतो. सकाळी तक्ता असा होता: इंटर ६९, युव्हेंटस ६८, रोमा ६७. इंटरने १९८९ नंतर लीग जिंकली नव्हती. शेवटचा सामना रोममध्ये लाझिओशी, आणि लाझिओचे समर्थक चक्क इंटरच्या बाजूने. एक तर दोन्हीकडच्या कट्टर समर्थकांची जुनी दोस्ती, आणि दुसरं म्हणजे इंटर घसरला तर शेजारचा रोमा जिंकण्याची भीती. घरच्या संघाने गोल केला की घरचेच प्रेक्षक नाराजीच्या शिट्ट्या मारतायत, असा सामना मी दुसरा बघितलेला नाही.

व्हिएरीने इंटरला पुढे नेलं, पोबोर्स्कीने बरोबरी केली, दि बियाजोने पुन्हा पुढे नेलं. मध्यंतराला मिनिटभर उरलं असताना इंटरच्या ग्रेश्कोने गोलकीपर टोल्डोकडे डोक्याने चेंडू परत दिला. म्हणजे द्यायला गेला. चेंडू अर्ध्यातच राहिला आणि पोबोर्स्कीने तो आत ढकलला. २-२. हा क्षण सावकाश बघा. ग्रेश्कोवर कोणाचाही दबाव नाही, आजूबाजूला मोकळी जागा आहे, चेंडू कुठेही भिरकावता आला असता. उत्तरार्धात सिमेओनेने तिसरा गोल केला. तो आधी इंटरचाच खेळाडू, त्यामुळे जल्लोष न करता परत फिरला. चौथा गोल सिमोने इनझागीचा. ४-२. कॅमेरा इंटरच्या बाकाकडे वळतो तेव्हा बदली होऊन बाहेर आलेला रोनाल्डो तोंड झाकून रडताना दिसतो. दोन वर्षं गुडघ्याच्या दुखापतीत घालवून परतलेला हा माणूस दोनच महिन्यांनी विश्वचषक जिंकणार होता, पण त्या दुपारी हे कोणाला ठाऊक असणार?

युव्हेंटसने उदिनेमध्ये पहिल्या अकरा मिनिटांत दोन गोल करून आपला सामना निकालात काढला होता. झिदानला विकून आलेल्या पैशांतून त्यांनी बुफों, थुराम आणि लाझिओचा नेदवेद घेतले होते. विजेतेपद त्या खरेदीचं होतं असं माझं मत आहे, पण रडणाऱ्या रोनाल्डोपुढे खरेदीची गोष्ट कोण ऐकतो?

बाकी हंगामात मन रमवायला किएव्हो आहे. व्हेरोना शहराचं हे छोटं उपनगर. व्हेरोनाचे समर्थक म्हणायचे, गाढवं उडायला लागतील तेव्हा किएव्हो सेरी एमध्ये येईल. त्या वर्षी गाढवं उडाली. किएव्हो पहिल्यांदाच वरच्या लीगमध्ये आला, शरद ऋतूत काही आठवडे चक्क अव्वल राहिला आणि पाचवा आला. आणखी एक गंमत: २४ गोल करून ट्रेझेगेच्या बरोबरीने अव्वल राहिलेला ह्युबनर पिआचेंझासारख्या छोट्या क्लबचा ३५ वर्षांचा गडी होता आणि सिगारेट सोडत नव्हता.

तरीही या हंगामात मधले महिने विखुरलेले वाटतात. तिघांची शर्यत ऐकायला छान, पण बघताना प्रत्येक आठवड्याला तीन सामन्यांच्या मागे धावावं लागतं. त्यातून निष्पन्न होते ती एकच विलक्षण दुपार.

२०२४-२५: जवळचा, चकचकीत, थोडा कोरडा

नवख्याला हा हंगाम सर्वांत सोपा. चित्र स्वच्छ, खेळाडू आजचे, सामने शोधायला कष्ट नाहीत. नापोली २०२३ मध्ये ९० गुणांनिशी जिंकला होता, पुढच्या वर्षी तीन प्रशिक्षक बदलून दहावा आला. मग अँतोनिओ काँते आला. पहिलाच सामना व्हेरोनात ३-० असा हरला. (व्हेरोना हे गाव मोठ्या संघांना लाभत नाही, एव्हाना तुमच्याही लक्षात आलं असेल.) जानेवारीत क्वारात्स्खेलिया पॅरिसला गेला. तरीही काँतेने संघ दामटला. दहावा आल्यामुळे युरोपातले सामनेच नव्हते, आठवडाभर सरावाला वेळ. इंटर मात्र चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फेरीपर्यंत गेला आणि एप्रिलमध्ये दमला: बोलोन्याकडून भरपाई वेळेतल्या ओर्सोलिनीच्या ओव्हरहेड किकवर हार, आठवड्याने घरच्या मैदानावर रोमाकडून हार.

एक आकडा लक्षात ठेवा. इंटरने ७९ गोल केले, नापोलीने ५९. विजेता नापोली, कारण त्यांनी खाल्ले फक्त २७. हे वाचून जांभई आली असेल तर हा हंगाम तुमचा नाही. २०२२-२३ चा नापोली बघा. तिथे ओसिम्हेन आहे, क्वारात्स्खेलिया आहे, युव्हेंटसची ५-१ अशी धुलाई आहे. फक्त चुरस नाही, १६ गुणांचा फरक होता.

२०२५ चा खरा निकाल शेवटून दुसऱ्या फेरीत लागला. नापोली पार्मात ०-० अडकलेला, इंटर घरी लाझिओविरुद्ध २-१ पुढे. म्हणजे इंटर अव्वल. ९० व्या मिनिटाला इंटरच्या बिसेकच्या हाताला चेंडू लागल्याचं व्हीएआरने पकडलं आणि लाझिओच्या पेद्रोने पेनल्टीवर २-२ केलं. तिकडे पार्मात नापोलीला भरपाई वेळेत मिळालेली पेनल्टी व्हीएआरनेच काढून घेतली, कारण आधी जिओव्हानी सिमेओनेने फाऊल केला होता. तोच, दिएगोचा मुलगा. दोन्ही प्रशिक्षकांना रेफ्रीने बाहेर काढलं, त्यामुळे शेवटच्या सामन्यात दोघेही बाकावर नव्हते.

२३ मेचा तो सामना आपल्याकडे मध्यरात्री सव्वाबाराला सुरू झाला. मी घरचे उठू नयेत म्हणून आवाज बंद करून, लॅपटॉपवर नापोली आणि फोनवर इंटर असा बसलो होतो. इंटरने कोमोत विसाव्या मिनिटाला गोल केला आणि तक्त्यात वर गेला. साधारण वीस-बावीस मिनिटं इंटर 'विजेता' होता. मग मॅक्टॉमिनेने हवेत आडवं होऊन पोलितानोचा क्रॉस जाळ्यात घातला, उत्तरार्धात लुकाकूने दुसरा केला आणि संपलं.

मग घ्यायचा कोणता?

एकच सामना बघायला वेळ असेल तर प्रश्नच नाही, ५ मे २००२. आजचं फुटबॉल समजून घेऊन पुढच्या हंगामापासून लीगच्या मागे लागायचं असेल तर २०२४-२५, तोही मार्चपासून. महिना हाताशी असेल तर मात्र मी १९९९-२००० देईन. बाकी दोन्हीकडे शेवट नाट्यमय आहे, इथे शेवटापर्यंत नेणारा रस्ताही तसाच आहे. नऊचे सहा, सहाचे तीन, परत पाच, मग दोन. रोज रात्री एक सामना घेतला तरी दुसऱ्या दिवशीची ओढ राहते.

आणि तो आधी बघितल्याचा एक फायदा आहे. २००० साली लाझिओच्या रेज्जिनाविरुद्धच्या सामन्यात पहिला गोल करणारा सिमोने इनझागी. त्याच वेळी पेरुजाच्या चिखलात हरणाऱ्या युव्हेंटसमध्ये त्याचा थोरला भाऊ फिलिप्पो आणि अँतोनिओ काँते. २००२ मध्ये इंटरच्या शवपेटीवर शेवटचा खिळा सिमोनेचा आणि विजेतेपद काँतेच्या युव्हेंटसचं. त्या दिवशी काँतेने कॅमेऱ्यासमोर इंटरच्या मातेराझ्झीला शब्दांचा चिमटा काढला, कारण दोन वर्षांपूर्वी मातेराझ्झी पेरुजाच्या संघात होता आणि आता इंटरमध्ये. २०२५ मध्ये इंटरचा प्रशिक्षक सिमोने, नापोलीचा काँते, आणि इंटरचे दोन गुण खाणारा संघ लाझिओ. हे उलट्या क्रमाने बघितलं तर नुसती नावं आहेत. ओळीने बघितलं तर पेद्रो पेनल्टीला उभा राहतो तेव्हा इनझागीच्या चेहऱ्याकडे बघवत नाही.

तर सुरुवात मिलान-युव्हेंटसपासून करा, मार्च २०००. पेरुजाच्या सामन्याचं संपूर्ण चित्रण मिळालं तर पावसातला रिकामा तास पुढे पळवायला हरकत नाही. कोलिना छत्री घेऊन बाहेर येतो आणि चेंडू हातातून सोडतो, तेवढं मात्र पळवू नका.