लिचेस की चेस डॉट कॉम? मुलाच्या फोनवर काय ठेवायचं

2025 च्या नोव्हेंबरात गोव्यात हडफड्याला बुद्धिबळाचा विश्वचषक झाला. 206 खेळाडू आले आणि उझबेकिस्तानचा जावोखिर सिंदारोव चषक घेऊन गेला. तेव्हापासून आमच्या डिचोलीत ज्याला त्याला आपलं मूल बुद्धिबळात घालायचंय. मी कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे 'तुला त्यातलं कळतं, अ‍ॅप कुठलं घालू सांग' हा प्रश्न बाजारात, देवळात, कुठेही गाठतो.

लिचेस आणि चेस डॉट कॉम ही नेटवर बुद्धिबळ खेळायची दोन ठिकाणं. थोडक्यात ज्यांना हवंय त्यांच्यासाठी: मुलाला खेळाची गोडी लागलेली असेल तर लिचेस. अजून लागायची असेल तर आधी चेस डॉट कॉम. पैसे मात्र इतक्यात कुणालाच देऊ नका.

दोन्हींचा पिंड वेगळा आहे. चेस डॉट कॉम 2007 मध्ये सुरू झालं. ती सरळ धंदा करणारी कंपनी आहे, आणि त्यात वाईट काही नाही. 2022 मध्ये तिने माजी जगज्जेत्या मॅग्नस कार्लसनशी जोडलेली प्ले मॅग्नस ही कंपनीही विकत घेतली. फुकटात खेळता हवं तितकं येतं, पण जाहिराती दिसतात, कोडी रोज मोजकीच मिळतात आणि डावाची सविस्तर तपासणीही मोजूनमापून. पुढे गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड अशी चढती भाजणी. लिचेस 2010 मध्ये थिबो दुप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरने सुरू केलं. आज ती फ्रान्समधली ना-नफा संस्था आहे आणि देणग्यांवर चालते. जाहिरात नाही, पैसेवाली वेगळी आवृत्ती नाही. देणगी दिली तर नावाशेजारी पंखांचं एक चिन्ह लागतं, बस. सगळा कोड गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या सार्वजनिक जागी, उघडा पडलाय, बराचसा स्काला या प्रोग्रामिंग भाषेत. माझ्यासारख्याला तो वाचत बसणं हाच एक खेळ. शिवाय दर महिन्याचे सगळे रेटेड (खेळाडूच्या ताकदीच्या आकड्यात धरले जाणारे) डाव ते फाइल करून देऊन टाकतात, एकेका फाइलमध्ये कोट्यवधी डाव. तुमच्या मुलाला याचा काडीचा उपयोग नाही, मला आहे.

मुलाच्या दृष्टीने खरा फरक डाव हरल्यानंतर दिसतो, आणि माझ्या मते निवड त्यावरच करावी.

पोरं हमखास खातात तो मार घ्या. पांढऱ्याने उंट सी4 या घरावर आणलाय, घोडा जी5 वर उडवलाय, दोघांचा डोळा एफ7 वरच्या प्याद्यावर. काळ्याने मध्ये प्यादं डी5 वर पुढे केलं, पांढऱ्याने ते ई-रांगेतल्या प्याद्याने मारलं. आता काळ्याकडून खेळणारं पोर खुशीत घोड्याने ते प्यादं परत मारतं. हिशेब बरोबर, प्याद्याला प्यादं! मग पांढरा घोडा एफ7 वर येऊन आदळतो, राजाला बाहेर निघावं लागतं आणि पुढच्या काही चालींत पोराचं तोंड उतरतं.

चेस डॉट कॉमची तपासणी हा डाव उघडते तेव्हा एक कोच बोलायला लागतो. ही चाल चूक, ही उत्तम, ही अफलातून, असं रंगीत चिन्हांसकट सांगतो. चूक का झाली तेही वाक्यात सांगतो आणि बरी चाल दाखवून देतो. दिसायला झकास. पण पोर 'पुढे, पुढे' दाबत जातं आणि अचूकतेची टक्केवारी बघून अ‍ॅप बंद करतं.

लिचेसमध्ये विश्लेषणाखाली 'चुकांतून शिका' अशा अर्थाचं बटण आहे. ते दाबलं की पट त्याच जागी येऊन थांबतो, घोड्याने प्यादं मारायच्या आधी, आणि म्हणतो: काळ्यासाठी याहून चांगली चाल शोध. उत्तर हातात मिळत नाही. पोर दोनतीन भलत्या चाली करतं, नकार मिळतो. मग केव्हातरी त्याला सी6 वरचा घोडा ए5 वर नेऊन त्या उंटालाच हुसकावण्याचं सुचतं. अडलंच तर उत्तर बघायची सोय आहे. समजावून सांगणारं मात्र कुणी नाही, म्हणून जवळ थोडंफार खेळता येणारं माणूस असलेलं बरं. तरी हे एक बटण मला त्या बोलक्या कोचपेक्षा मोलाचं वाटतं. मागे चाली तपासणारं इंजिन (बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम) स्टॉकफिशच आहे, तेही मुक्त आणि फुकट.

कोड्यांचंही तसंच. लिचेसची कोडी खऱ्या डावांतून काढलेली असतात आणि मर्यादा नाही.

आता चेस डॉट कॉमच्या बाजूने बोलतो, कारण तिथे ते सरस आहे. नवख्याला यंत्राशी खेळायचं असेल तर त्यांचे बॉट खरोखर छान आहेत. नाव, चेहरा, स्वभाव आणि पोराच्या पातळीला झेपेल असा खेळ. लिचेसवर स्टॉकफिशच्या 1 ते 8 पातळ्या आहेत, पण खालच्या पातळ्यांवर ते शहाण्यासारखं खेळता खेळता मध्येच वजीर फुकट देऊन टाकतं. त्यातून पोर काय शिकणार? कंपनीचं चेसकिड हे खास मुलांसाठीचं वेगळं दालनही आहे. दिसण्यात तर लिचेस बापडं सरकारी फॉर्मसारखं कोरडं.

रेटिंगवरून, म्हणजे ताकदीच्या या आकड्यावरून, पालकांचा फार गोंधळ होतो. लिचेस नव्या खात्याला 1500 वर बसवतं, शेजारी प्रश्नचिन्ह लावतं आणि खेळ पाहून खालीवर करतं. चेस डॉट कॉम आधी 'किती येतं?' विचारून त्याप्रमाणे सुरुवात करून देतं. साधारणपणे नवशिक्याचा आकडा लिचेसवर बराच फुगलेला दिसतो. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेचं रेटिंग तिसरंच. 2024 च्या मार्चपासून त्याची सुरुवातच 1400 ला होते, म्हणजे त्याखालचा खेळाडू यादीतच नसतो. तेव्हा 'आमचा 1400 आहे' असं कुणी सांगितलं तर कुठल्या दुकानातला, ते आधी विचारा.

पावसाळ्यात लाईट जाते, तिच्यामागोमाग वायफाय जातं, आणि सत्तरी तालुक्याच्या आतल्या गावांत मोबाइलचं नेटवर्कही हुलकावणी देतं. लिचेसचं अ‍ॅप यंत्राशी नेटशिवाय खेळू देतं आणि थोडी कोडी आधीच उतरवून ठेवतं. चवथीला भावंडं जमली की एकाच फोनवर दोघांना खेळायचीही सोय आहे. अर्थात घरात पट असताना ती कशाला वापरायची?

पटावरून आठवलं. लिऑन मेंडोन्सा हा आपल्या गोव्याचा मुलगा 2020 मध्ये महासाथीमुळे युरोपात अडकला. त्याने तिथेच हंगेरी, इटलीतल्या स्पर्धा खेळून ग्रँडमास्टर व्हायला लागणारे नॉर्म (ठराविक कामगिरीचे टप्पे) मिळवले. पुढे 2024 मध्ये टाटा स्टीलची चॅलेंजर्स स्पर्धाही जिंकला. हे नॉर्म समोरासमोर पटावर बसूनच मिळतात. सपाट स्क्रीनवर सराव झालेल्या पोराला खऱ्या पटावर तिरका येणारा उंट दिसतच नाही, स्पर्धेत चाली कागदावर लिहायच्या असतात तेही जमत नाही. म्हणून डायमंडचे पैसे वाचवून गुंडाळायचा पट, प्लॅस्टिकच्या सोंगट्या आणि जमलं तर घड्याळ घ्या. अ‍ॅपवर हरलेला डाव त्या पटावर मांडून बघायला लावा.

कुठलंही अ‍ॅप घातलंत तरी पहिल्या दिवशी दोन गोष्टी करा. एक, एका मिनिटाचे बुलेट डाव बंद. त्यात बोटं पळतात, डोकं नाही. 10 मिनिटांचा किंवा 15 मिनिटं अधिक चालीमागे 10 सेकंद असा डाव लावून द्या. दोन, अनोळखी लोकांशी गप्पा बंद. लिचेसवर 'किड मोड' चालू केला की चॅट, निरोप, फोरम सगळंच गायब होतं. चेस डॉट कॉमवर चॅट सेटिंगमध्ये जाऊन बंद करावं लागतं. आणि खात्याला मुलाचं खरं नाव, शाळा, गाव असलं काही देऊ नका. 'काळाघोडा' वगैरे चालेल, मिळालं तर.