ॲसेप्टिक म्हणून गळ्यात मारलेले व्हॉल्व्ह

यूएचटी (खूप तापवून निर्जंतुक केलेल्या) दुधाच्या लाइनसाठी ऑर्डर होती ॲसेप्टिक, म्हणजे जंतू आत येऊ न देणाऱ्या, डबल-सीट व्हॉल्व्हची; स्टेमवर, म्हणजे प्लग हलवणाऱ्या दांड्यावर, बेलोज (घड्यांचं लवचिक आवरण) असलेल्या. माल आला चकचकीत, नेमप्लेट नव्या कोऱ्या, सोबत सर्टिफिकेटची जाडजूड फाइल. बहुतेक पैसे माल सुटण्याआधीच वसूल झाले होते. ॲक्च्युएटर (व्हॉल्व्ह उघड-बंद करणारा भाग) उतरवल्यावर निघाले जुने साधे मिक्सप्रूफ व्हॉल्व्ह (दोन द्रव मिसळू न देणारे, पण ॲसेप्टिक नसलेले), बफ मारलेले, म्हणजे घासून चकाकवलेले.

खरं तर बाहेरूनच ओळखू यायला हवं होतं. डबल-सीटमध्ये दोन प्लगांच्या मधे पोकळी असते. एका बाजूला दूध, दुसऱ्या बाजूला सीआयपीचं (लाइन न उघडता आतून धुण्याचं) ७५-८० अंशांचं कॉस्टिक सोड्याचं पाणी; सील गेलं तर गळती या पोकळीतून खाली ठिबकते, मिसळत नाही. ॲसेप्टिक प्रकारात साधारणपणे याच पोकळीत वाफ खेळवतात, म्हणून वाफेला आत-बाहेर जायला वेगळी तोंडं लागतात. इथे एकच ठिबकनळी, आणि तिलाही ब्लँक क्लॅम्प (बंद झाकण) मारलेला! ‘कचरा जाऊ नये म्हणून आहे, तसाच राहू द्या,’ हा पुरवठादाराचा सल्ला. तसाच ठेवला असता तर एक सील गेल्याचं कुणाला दिसलंच नसतं आणि दुसरं गेलं की कॉस्टिक थेट दुधात.

स्टेमवर बेलोज नव्हताच, नुसती ओ-रिंग. दर स्ट्रोकला स्टेमचा बाहेरचा भाग आत जातो, सोबत जंतू नेतो. पाकिटं फुगतात काही दिवसांनी, तोवर माल दुकानांत पोचलेला असतो. ‘सील किट बदलून देतो’ ही ऑफर त्यामुळे निव्वळ धूळफेक. किट बदलून बेलोज उगवत नाही.

फाइलमध्ये ३.१ सर्टिफिकेट (मटेरियलच्या तपासणीचा दाखला) होतं, पण बॉडी आणि स्टेम दोन्हींना एकच हीट नंबर (धातूच्या ओतणीचा क्रमांक), आणि बॉडीवरचा ठसा बफिंगमध्ये गायब. ३१६एल स्टेनलेस स्टीलमध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ३०४मध्ये ते मुद्दाम घातलेलं नसतं. चुंबक लावून हा फरक कळत नाही. मॉलिब्डेनमचा स्पॉट टेस्ट किंवा पीएमआय गन (मिश्रधातूतले घटक ओळखणारं यंत्र) लागते. रफनेस मीटरवर ०.८ मायक्रॉनच्या आत आकडा आला म्हणून हुरळू नका, बफमुळे पिटिंगची (गंजाच्या बारीक खड्ड्यांची) तोंडं बुजतात. सीटच्या कडेवर टॉर्च तिरका धरा, पुन्हा टर्निंग केल्याच्या रेघा दिसतात.

पीओमध्ये (खरेदीच्या ऑर्डरमध्ये) नुसतं ‘ॲसेप्टिक’ लिहू नका. बेलोजचं मटेरियल, वाफेची तोंडं, सेक्शन ड्रॉइंग लिहून घ्या. डिस्पॅचआधी त्यांच्याच शॉपमध्ये आपण निवडलेला एक व्हॉल्व्ह पूर्ण उघडून घ्या. मग आधी एका बाजूला, नंतर दुसऱ्या बाजूला पाण्याचं प्रेशर देऊन पोकळीचं तोंड उघडं ठेवून पाहा. निदान ३० टक्के रक्कम यानंतरच सोडा.