रावपुऱ्यातलं जर्सी प्रिंटिंगचं दुकान आणि मामांचा सात नंबर

मामांच्या साठीला काय द्यायचं यावर घरात बराच खल झाला आणि शेवटी ठरलं, इंग्लंडच्या लिव्हरपूल फुटबॉल क्लबची लाल जर्सी, पाठीवर सात नंबर, म्हणजे त्यांचा जुना खेळाडू केनी डॅलग्लिशचा. बडोद्यात जो तो क्रिकेटवाला, पण आमचे मामा दांडिया बाजारच्या घरात शनिवारी रात्री ट्रान्झिस्टर कानाला लावून बीबीसीवर फुटबॉल ऐकायचे. आधी एक ऑनलाइन मागवलेली, पहिल्याच धुण्यात नंबर सोलवटला, म्हणून मग रावपुऱ्यातल्या या बोळातल्या दुकानात गेलो.

दुकानवाल्या भाईंनी पहिलं विचारलं, "नाम शुं लखवुं छे?" म्हटलं नाव नकोच, तेव्हा इंग्लंडच्या लीगमधे पाठीवर नाव नसायचं, ते १९९३ ला आलं, आणि १९७८ च्या जर्सीवर पुढे कंपनीचं नावपण नको, हिताची १९७९ ला आलं. दुसरा कोणी असता तर वैतागला असता, यांनी मला मोबाईलवर जुना फोटो काढायला लावला, मोठा करून सातचा आकार नीट बघितला, मग पांढरं व्हिनाइल, म्हणजे चिकटवायचं प्लास्टिक, कापून चिमट्याने कडेचं एकेक सोलत बसले.

प्रेस गरम होईपर्यंत म्हणाले, हा माणूस कोण? मग काय, मी सुरूच झालो. ग्लासगोचा पोरगा, १९७७ ला तिथल्या सेल्टिक क्लबमधून ४,४०,००० पौंडांत लिव्हरपूलला आला, आधीच्या सात नंबरवाल्या कीगनच्या जागी, आणि पुढच्याच वर्षी वेम्बलीला युरोपियन कपच्या फायनलमधे गोलकीपर खाली बसेपर्यंत थांबून वरून अलगद बॉल टाकला. १९८५ ला खेळता खेळताच मॅनेजर झाला, शेवटच्या मॅचला चेल्सीविरुद्ध छातीवर बॉल घेऊन स्वतःच गोल मारला नि लीग जिंकून दिली, वर एफए कप ही तिथली दुसरी मोठी स्पर्धापण. ती मॅच मामांना अजून तोंडपाठ आहे.

पण मामा त्याला मानतात ते गोलसाठी नाही. १९८९ ला हिल्सबरो स्टेडियममधे लिव्हरपूलच्या मॅचला चेंगराचेंगरी झाली, ९७ माणसं गेली, आणि हा मॅनेजर असून त्यांच्या घरच्यांना धीर देत राहिला, एका दिवशी चार-चार अंत्यविधींना उभा राहिला. हे ऐकून भाई प्रेसवरचा हात तसाच ठेवून गप्प झाले होते.

६५० रुपये घेतले, एक्सएल दुसऱ्या दिवशी मिळाली. कापड जरा जाड आहे, मे महिन्यात नाही घालवणार. गाडी लांब लावून चालत जा, बोळात जागाच नाही. चार धुणी झाली, सातची एक कडपण सुटलेली नाही.

आता दुसरी ऑर्डर दिलीय, ब्लॅकबर्न क्लबची, अर्धी निळी अर्धी पांढरी, १९९५ ला डॅलग्लिशने त्यांना प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची वरची लीग, जिंकून दिली ना, ८१ वर्षांनी टायटल आलं होतं त्यांच्याकडे. पाठ कोरीच ठेवायला सांगितलीय, तेव्हा तो फक्त मॅनेजर होता. दोन रंग जोडायला शिंपी वेगळा लागतो म्हणून भाईंनी आठवडा मागितलाय.