मुलांना बसता येणारी सूटकेस: दोन वर्षं आणि तीन प्रवासांनंतर

थोरल्या नातीच्या चौथ्या वाढदिवसाला मी ही बॅग आणली तेव्हा घरात ती कुणालाच पसंत पडली नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, हिच्यात मावणार काय?" सूनबाईंनी उचलून पाहिली आणि काही न बोलता खाली ठेवली. सौभाग्यवतींचं मत असं की वाढदिवसाला खेळणं द्यावं, सामान देऊ नये. पोरीनं मात्र कागद टराटरा फाडला, बॅगेवर टांग टाकली आणि जेवायच्या टेबलाभोवती फेऱ्या सुरू केल्या. दोन महिन्यांनी आम्ही सहाजण परदेशी निघणार होतो. तोवर फरशीवर तिच्या चाकांचा घरघराट इतका झाला की खालच्या मजल्यावरच्यांना आमच्या प्रवासाची तारीख पाठ झाली असावी.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. असल्या बॅगा आता पुष्कळ कंपन्या काढतात आणि पुढे जे सांगणार आहे ते बहुतेकांना थोडंफार लागू पडेल.

आधी मोजमाप, कारण चौतीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारं-साचे बनवायच्या विभागात, काढलेल्या माणसाला त्याशिवाय बोलताच येत नाही. लांबी 46 सेंटिमीटर, उंची 31, रुंदी 21. रिकाम्या बॅगेचं वजन 1.7 किलो. आत जागा 18 लिटर. 'आयाटा' या विमान कंपन्यांच्या संघटनेनं हातातल्या बॅगेसाठी सुचवलेलं माप 56 बाय 45 बाय 25 आहे, त्यात ही आरामात बसते. प्रत्येक कंपनीचं माप वेगळं असतं, तेवढं तिकिटावर बघून घ्या. 18 लिटर म्हणजे चार वर्षांच्या मुलीचे दोन जोड, एक पातळ जाकीट, दोन चित्रांची पुस्तकं, रंगखडूंची डबी आणि कापडी ससा. सशाचे कान दुमडावे लागतात. दोन किलोला जेमतेम कमी वजनाच्या खोक्यात एवढंच मावत असेल तर सूटकेस म्हणून तिला मी दहापैकी तीन गुण देईन. शिवाय ती शिंपल्यासारखी दोन्ही बाजूंना उघडते. विमानातल्या अरुंद जागेत उघडली की अर्धं सामान पायाशी. पहिल्या प्रवासात एक मोजा सीटखाली गेला तो गेलाच.

मग ही घ्यायची कशाला? रांगेसाठी. हिचं खरं काम तेवढंच.

परक्या देशात उतरलो तेव्हा अकरा तासांचा प्रवास झाला होता आणि पासपोर्ट तपासायच्या रांगेत एक तास पन्नास मिनिटं गेली. घड्याळ लावूनच बघत होतो. आमच्या मागे-पुढे जी चार-पाच वर्षांची पोरं होती ती पहिल्या वीस मिनिटांतच बापाच्या खांद्यावर, नाहीतर जमिनीवर आडवी. थोरली बॅगेवर बसून होती. रांग दोन पावलं सरकली की पायांनी ढकलायची आणि परत थांबायची. कुणी कडेवर घ्यायचं यावरून आमच्यात भांडण झालं नाही. झोपेला आल्यावर तिनं बॅगेच्या पुढच्या, हातांनी धरायच्या शिंगांवर डोकं टेकलं आणि मी दोरी धरून ओढत राहिलो. "आबा, हळू," एवढंच म्हणाली. त्या एक तास पन्नास मिनिटांसाठी दहापैकी दहा.

आता यंत्राकडे वळू. चार चाकं, चारही सरळ धावणारी, वळणारं एकही नाही. वळायचं तर पोरानं पाय टेकून बॅग थोडी उचलायची आणि फिरवायची. पोरं हे अर्ध्या तासात शिकतात, मोठ्यांना दोरीनं ओढताना जमत नाही. एकदम वळवलं की बॅग आडवी आणि वरचं पोरही आडवं. आमचं दोनदा झालं, दोन्ही वेळा चूक माझी. गुळगुळीत फरशीवर एका बोटानं ओढली जाते. गालिच्यावर मात्र अशी अडते की मुलीला उतरवून बॅग हातात घ्यावी लागते, आणि कित्येक विमानतळांवर विमानात चढायच्या दाराशी नेमका गालिचाच अंथरलेला असतो. ब्रेक नाही. उतारावर बसू देऊ नका. सरकत्या जिन्यावर तर नावच काढू नका, तिथे बॅग एका हातात आणि मूल दुसऱ्या हातात.

गंमत अशी की चार चाकं आणि ओढायची दोरी ही रचना मोठ्यांनी केव्हाच सोडून दिलेली आहे. बर्नार्ड सॅडो नावाचे अमेरिकन गृहस्थ 1970 मध्ये अरूबा बेटावरून कुटुंबासह सुट्टीहून परतत होते, दोन्ही हातांत जड बॅगा. कस्टमपाशी त्यांनी एका कामगाराला चाकांच्या फळीवरून जड यंत्र सहज ढकलत नेताना पाहिलं. 1972 मध्ये त्यांना पेटंट मिळालं ते आडव्या बॅगेखाली चार चाकं आणि पट्ट्यानं ओढायचं, याचंच. ती बॅग डुगडुगायची. 1987 मध्ये रॉबर्ट प्लाथ या वैमानिकानं बॅग उभी केली, दोन चाकं आणि लांब दांडा बसवला आणि दोरीचा जमाना संपला. पोरांच्या बॅगेत तो अजून चालू आहे, कारण उभ्या बॅगेवर बसणार कसं? थोडक्यात, नातीला मी 1972 सालचं तंत्रज्ञान भेट दिलं.

बसायच्या बॅगेचीही एक कथा आहे. रॉब लॉ या ब्रिटिश डिझायनरच्या डोक्यात ती विद्यार्थी असतानाच आली आणि 'ट्रंकी' या नावानं 2006 मध्ये बाजारात आली. त्याच वर्षी टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात गुंतवणूकदारांसमोर ती मांडली असता त्यांच्यातल्या एकानं पट्टा जोरात ओढला आणि तो निघाला. पैसे मिळाले नाहीत, तरी पुढे ती भरपूर खपली. नंतर दुसऱ्या कंपनीनं तशीच बॅग काढल्यावर प्रकरण थेट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. 2016 च्या निकालात न्यायालयानं कल्पनेची तारीफ केली, पण नोंदणी बॅगेच्या रूपाची आहे, कल्पनेची नाही, असं म्हणून मूळ कंपनीचा दावा फेटाळला. दुकानात शिंगांच्या, कानांच्या, सोंडेच्या बॅगांची एवढी गर्दी का, हे मला ते वाचल्यावर कळलं.

पट्ट्याचं दुखणं माझ्याही बॅगेला निघालं. तिसऱ्या प्रवासात दोरी अडकवायचा प्लॅस्टिकचा हूक मानेपाशी तुटला. तुटलेला तुकडा भिंगाखाली धरला तर मान जेमतेम चार मिलिमीटरची आणि काटकोनात वळलेली, कोपऱ्याला जराही गोलाई नाही. सगळा ताण तिथेच येणार, नाहीतर कुठे? आता तिथे किल्ल्या अडकवायची धातूची कडी लावली आहे. पाच मिनिटांचं काम. तुम्ही घेतलीत तर पहिल्याच दिवशी करून टाका.

दुसरी तक्रार चाकांची. प्लॅस्टिकचं चाक, धातूचा एक्सल, मध्ये बुश, म्हणजे घर्षण कमी करणारी नळी, नाही. पहिल्या प्रवासानंतर मागचं डावं चाक घसटायला लागलं. बॅग उलटी केली तर एक्सलभोवती केसांचा आणि लोकरीच्या धाग्यांचा घट्ट वेढा बसलेला. चिमट्यानं ओढून ओढून काढला, सूनबाईंचे लांब केसही त्यात निघाले. तेल घालू नका, धूळ धरतं आणि काळी पेस्ट होते. मी वाढदिवसाची अर्धी जळलेली मेणबत्ती घेतली, एक्सलवर चांगली घासली, चाक फिरवून बघितलं. घरघर गेली नाही, पण घसटणं थांबलं. तेव्हापासून घरातल्या कुठल्याही वाढदिवसाच्या मेणबत्त्या मी फेकू देत नाही.

आतल्या लेबलावर 45 किलोची मर्यादा लिहिलेली आहे. ती मर्यादा खरी आहे हे माझ्या चिरंजीवांनी फोटोसाठी बसून सिद्ध केलं. कट् असा आवाज आला. उजव्या चाकाच्या घरापाशी केसाएवढी चीर गेली, ती अजून वाढलेली नाही. याबद्दल कंपनीचा एकही गुण मी कापलेला नाही.

धाकट्या नातवाचा दुसरा वाढदिवस त्या परदेश प्रवासाच्या सहाव्या दिवशी येत होता. दोन वर्षांच्या आतलं मूल मांडीवर बसून जाऊ शकतं, दोन पूर्ण झाली की त्याला स्वतःची खुर्ची लागते, आणि वय धरतात ते त्या-त्या उड्डाणाच्या दिवशीचं. चिरंजीवांनी जाता-येता दोन्ही तिकिटं मांडीवरची काढली होती. निघायच्या पाच दिवस आधी सूनबाईंच्या ध्यानात आलं, मग धावपळ, फोन, परतीची एक खुर्ची वाढवली. बाळाचा दुसरा वाढदिवस सहलीच्या मधोमध येत असेल तर आधी तारीख बघा, मग तिकीट काढा. तर झालं असं की जाताना मांडीवर असलेला मनुष्य येताना तिकीटधारी प्रवासी झाला आणि प्रवासी झाल्याबरोबर त्याला ताईची बॅग हवी झाली.

वाढदिवस तसा आदल्या संध्याकाळीच सुरू झाला होता. घरची घड्याळं काही तास पुढे, तिकडे मध्यरात्र उलटली आणि व्हिडिओ कॉल सुरू झाले. धाकटा प्रत्येकाला हात हलवून "झालं" म्हणायचा. झोपेचंही तसंच. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासभर सरकतं असं म्हणतात, म्हणजे जितक्या तासांचा फरक तितके दिवस. पहिले तीन दिवस दोन्ही मुलं पहाटे तीनला टक्क जागी आणि थोरली बॅगेवर स्वार. भाड्याच्या घराची जमीन लाकडी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी दाराखाली चिठ्ठी होती, भाषा वाचता आली नाही तरी उद्गारचिन्हं वाचता आली. चाकांना रबराचं अस्तर असतं तर हा प्रसंग टळला असता. दोन गुण कापले.

थोरलीनं भावाला भेट म्हणून बर्फ पडणारा काचेचा गोळा निवडला होता आणि परतीला तो स्वतःच्याच बॅगेत ठेवला होता. एक्सरे झाल्यावर बॅग बाजूला गेली. हातातल्या सामानात 100 मिलिलिटरच्या वरचं द्रव चालत नाही हा नियम 2006 पासूनचा. आता काही विमानतळांवर नवी यंत्रं आल्यानं तो सैल झालाय, आमचा विमानतळ त्यातला नव्हता. गोळ्यातलं पाणी हेही द्रवच, हे मला, एवढ्या मोजमापवाल्या माणसाला, सुचलं नाही. अधिकारीबाई चांगल्या होत्या, गोळा हलवून बर्फ पाडून दाखवला, मग ठेवून घेतला. थोरली रडली नाही. ती रडली ते बॅग तपासणीच्या सरकत्या पट्ट्यावरून परत यायला उशीर झाला म्हणून. भेटवस्तू कागदात गुंडाळूनही नेऊ नका, तपासणीत उघडायला लावू शकतात. आणि फुगे न्यायचेच तर न फुगवता न्या. विमानाच्या आतला हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढाच ठेवतात, त्यामुळे जमिनीवर टम्म फुगवलेला फुगा वर आणखी फुगतो.

बॅटरीवर पळणाऱ्या बसायच्या बॅगाही निघाल्या आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नका असं मी म्हणेन. लिथियम बॅटरी काढता येणारी नसेल तर विमान कंपनी बॅग नाकारू शकते, आणि पोरांच्या पायांतली बॅटरी काय कमी आहे?

कुणाला घ्यावी? जाहिरातीत वय तीन ते सहा लिहितात. वय बघू नका, पाय मोजा. मूल बसल्यावर दोन्ही टाचा जमिनीला लागल्या आणि गुडघा किंचित वाकला तर माप बरोबर. टाचा लटकल्या तर ते ढकलू शकत नाही, दोरी तुमच्या गळ्यात. गुडघे छातीला लागले तर संपलं.

थोरलीचे आता लागतात. येत्या महिन्यात ती सहा पूर्ण करेल. परवा तिनं आपणहून सांगितलं की बॅग धाकट्याला द्यायची, पण स्टिकर तिचे आहेत. दोन दिवस नखानं एकेक खरवडते आहे. विमानाचं निघालं, सशाचं अर्धं निघालं. धाकट्याला बसवून मी टाचा मोजल्या, जमीन अजून तीन बोटं खाली आहे.

एकूण दहापैकी सात. हूक धातूचा असता तर आठ दिले असते.