एकच नग, पण जीव लावून

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या छोट्या लेथवाल्यांना (लेथ म्हणजे धातू फिरवत कापायचं यंत्र) एकसारखे शेकडो नग काढायची सवय. तिथे "एकच हवाय" म्हणून गेलं की बहुतेक ठिकाणी "नाही जमणार, शेठ" ऐकून परतावं लागतं. तिथल्याच एका वर्कशॉपने माझं काम घेतलं आणि असं केलं की सविस्तर लिहायलाच हवं.

मी घरी रेकॉर्ड कापायचं मशीन बनवतोय. वाजवायचं नव्हे, कोऱ्या तबकडीवर आवाजाची खाच कोरायचं. त्यासाठी १२ इंची तबकडी बसेल असा ॲल्युमिनियमचा प्लॅटर (फिरणारी थाळी), त्याचा शाफ्ट, आणि कटिंग हेड (सुईने खाच कोरणारा भाग) बाहेरून आत सरकवणारा लीड स्क्रू गनमेटलच्या (तांब्याच्या मिश्रधातूच्या) नटसकट हवा होता.

ड्रॉइंग बघून वर्कशॉपच्या काकांनी पहिलं विचारलं, "फेसला आउट किती चालेल?" म्हणजे वरची सपाट बाजू फिरताना किती वरखाली झाली तर चालेल. तिथेच मी निश्चिंत झालो. खाच जेमतेम ५५ मायक्रॉन रुंद आणि ९० अंशांची, म्हणजे खोली रुंदीच्या निम्मी. प्लॅटर हलला की सुई कुठे खोल जाते, कुठे वर राहते. हे ऐकल्यावर काकांनी बोअर (शाफ्टसाठीचं भोक) आणि वरचा फेस एकाच सेटिंगमध्ये घेतला, जॉब मध्येच चकमधून (लेथच्या पकडीतून) काढलाच नाही. शाफ्ट आधी करून ठेवला आणि बोअर त्याच्या मापाने काढला. शेवटी माझ्यासमोर काठावर डायल (बारीक हालचाल मोजायचं काट्याचं माप) लावून हाताने सावकाश फिरवून दाखवलं. काटा दोन शतांश मिलिमीटरच्या आत! सहा किलोच्या जॉबला जुन्या लेथवर हे साधणं म्हणजे निव्वळ हाताचं कसब.

लीड स्क्रूवरही आम्ही बराच वेळ बसलो. इंचाला २०० रेघा (खाचेचे फेरे) घ्यायच्या तर ३३⅓ आरपीएमला हेड सहा मिनिटांत एक इंच सरकतं. १ मिलिमीटर पिचचा (एका फेऱ्यात तेवढा सरकवणारा) स्क्रू मिनिटाला सव्वाचार फेरेच घेतो. इतक्या संथ चालीत नटमधली जराशी ढील रेघांच्या अंतरात उमटते, दोन रेघा एकमेकींत घुसू शकतात. नट दोन भागांत करून मध्ये स्प्रिंग घालायची कल्पना काकांची. माझ्या ड्रॉइंगमध्ये ती नव्हती.

तक्रारी दोन. दिलेली तारीख पाळली नाही, मोठ्या कंपनीचं काम आलं की आपलं मागे पडतं. आणि इतका सुंदर फेस नुसत्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिला, एक ओरखडा आलाच. मटेरियलसकट ९,५०० रुपये झाले. मला रास्त वाटले.

पॉलिकार्बोनेटच्या चकतीवर ३१५० हर्ट्झचा सलग सूर कापून पाहिला. वाजवताना तो कुठेही डगमगला नाही. बेअरिंग किंवा प्लॅटर खराब असता तर लगेच कळलं असतं. कटिंग हेड आणि सुई तापवायची नायक्रोमची तार हे माझ्याकडचं काम, त्यात अजून सुधारणा चालू आहे.

जाणार असाल तर ड्रॉइंग मिलिमीटरमध्येच न्या आणि कुठलं माप काटेकोर हवं त्यावर खूण करा. शनिवारी बंद असतं. जॉब गुंडाळायला घरून जाड कापड घेऊन जा.