तेल सांडलं की भुसा, दाणे का पॅड? छोट्या मशीन शॉपवाल्यांसाठी तुलना

भोसरी, सातपूर, वाळूज, कुठल्याही एमआयडीसीत दहा-बारा मशीनच्या शॉपमध्ये जा, कोपऱ्यात भुशाचं पोतं दिसतंच. मशीनखाली तेल दिसलं की हेल्पर दोन मुठी भुसा टाकतो, पायानेच पसरवतो आणि शिफ्ट संपताना झाडून काढतो. वखारीतून जवळपास फुकट मिळतो त्यामुळे कोणी काही विचारत नाही. मग कस्टमरचं ऑडिट येतं, स्पिल किट (सांडलेलं आवरायच्या सामानाचा संच) ठेवा म्हणून पॉइंट पडतो, आणि किटचं कोटेशन बघून मालक म्हणतो, अहो भुशाने काय बिघडलंय?

तर भुशाची बाजू आधी. स्वस्त आहे, तेल पितो, खडबडीत कोब्यातल्या फटीतलंही ओढतो. पण बारीक भुसा उडतो आणि स्लाइडवर, कूलंटच्या (कटिंग थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) टाकीत जाऊन बसतो, पंपाची जाळी तुंबते. आणि शेजारी ग्राइंडिंग किंवा वेल्डिंग चालू असेल तर तेल प्यायलेला भुसा म्हणजे ठिणगीची वाट बघणारं सरपणच. वाळूचं तर विचारूच नका, ती तेल शोषत नाही, नुसतं दाण्यांच्या मधे धरून ठेवते, आणि मशीनच्या गाइडवेत (ज्या पट्ट्यांवर स्लाइड सरकते त्यात) एक कण गेला तरी चरे पडतात.

दुसरा पर्याय मातीचे भाजलेले दाणे, म्हणजे ऑइल अ‍ॅब्सॉर्बंट ग्रॅन्यूल. पेटत नाहीत, पाय घसरत नाही, फोर्कलिफ्टच्या वाटेवर किंवा जुन्या खडबडीत फ्लोअरवर यांच्यासारखं काही नाही. गिअर ऑइलसारखं जाड तेलही यांनीच नीट आवरतं कारण पॅडमध्ये ते हळूहळू मुरतं. वाईट एवढंच की वजनाने जड, चाकाखाली आले की पीठ होतं, आणि तेल पितात साधारण स्वतःच्या वजनाइतकंच.

तिसरा, पॉलिप्रॉपिलीनचे, म्हणजे प्लास्टिकच्या तंतूंचे पॅड. हे स्वतःच्या वजनाच्या दहापट ते वीसपट तेल पितात असं सप्लायर सांगतात, आपण दहापटच धरू. यात रंग बघून घ्यायचे बरं का. पांढरा फक्त तेल पितो, पाणी घेत नाही, राखाडी सगळंच पितो, पिवळा केमिकलसाठी. आपल्याकडे बऱ्याच वेळा सांडतं ते कूलंट, म्हणजे नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच, तिथे पांढरा पॅड टाकून पॅड भिकार आहे म्हणणारे पुष्कळ भेटतात, त्याला राखाडीच लागतो. उलट कूलंटच्या टाकीवर तरंगणाऱ्या तेलाच्या तवंगासाठी पांढराच बेस्ट, वर नुसता सोडून द्यायचा.

आता खरा हिशोब, जो कोटेशनमध्ये नसतो. समजा १० लिटर हायड्रॉलिक ऑइल सांडलं, वजन साधारण पावणेनऊ किलो. दाणे वापरले तर पावणेनऊ किलो दाणे आणि तेवढंच तेल, कचरा झाला साडेसतरा किलो. पॅडने तेच काम एक किलोच्या आत होतं, कचरा साडेनऊ-दहा किलो. आणि हा कचरा घंटागाडीत टाकता येत नाही. २०१६ च्या घातक कचरा नियमांत तेलकट चिंध्या आणि पुसायचं बाकी सामान यादीतल्या ३३.२ क्रमांकात येतं, वापरलेलं तेल ५.१ मध्ये, म्हणजे कन्सेंटमध्ये (प्रदूषण मंडळाच्या परवानगीत) नोंद, नव्वद दिवसांच्या आत रांजणगाव किंवा तळोज्यासारख्या घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रात पाठवणं, मॅनिफेस्ट (कचरा नेतानाचं चलन), दरवर्षी ३० जूनपर्यंत फॉर्म ४ (वर्षाचा हिशोब). तिकडे पैसे वजनावर जातात, त्यामुळे फुकटचा भुसा बाहेर जाताना फुकट राहत नाही. तेलकट भुसा चहावाल्याच्या भट्टीला देणारेही आहेत, ते तर सरळ बेकायदेशीर.

कॉटन वेस्ट हात आणि जॉब पुसायला ठीक, सांडलेल्या तेलाला नाही. साबण मारून पाण्याने धुणं मात्र बादच करा, साबणाने तेल पाण्यात मिसळतं आणि मग ऑइल सेपरेटरलाही ते वेगळं करता येत नाही, जातं सरळ नाल्यात. जास्त तेल असेल तर आधी सॉक, म्हणजे शोषणारा माल भरलेली मोठ्या पाइपसारखी पिशवी, टाकून गटाराची बाजू अडवा, वायपर आणि सुपलीने जेवढं उचलतंय तेवढं बादलीत घ्या, शोषणारं काही टाकायचं ते उरलेल्या तेलावर.

पण मला विचाराल तर पहिले पैसे यातल्या कशातच घालू नका. सेकंदाला एक थेंब गळणारा जॉइंट धरा, एक मिलिलिटरमध्ये साधारण वीस थेंब, दिवसाचे ८६,४०० सेकंद, झाले चार लिटरच्या वर. २०० लिटरचं बॅरल दीड महिन्यात संपलं. असल्या गळतीवर पॅड टाकत बसणं म्हणजे पॅडवाल्याचा ईएमआय आपण भरणं, तिथे ऑइल सील नाहीतर होज बदला, आणि शटडाउन मिळेपर्यंत फॅब्रिकेटरकडून पत्र्याचा ट्रे करून खाली सरकवा. ट्रेमधलं तेल किती जमलं हे रोज दिसतं, भुशात ते दिसतच नाही, हा मला ट्रेचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो. आणि प्रेशरच्या होजवर हात फिरवून गळती शोधू नका, बारीक भोकातून येणारं तेल कातडीच्या आत घुसतं, पुठ्ठा धरून बघा.

बॅरलचंही तेच. वाकडं करून कॅनमध्ये ओतायच्या वेळी सांडतं, त्याला हातपंप पुरतो. खाली स्पिल पॅलेट (सांडलेलं धरणारा ट्रे) किंवा चारी बाजूंनी विटांचा कट्टा, सगळ्यात मोठ्या बॅरलच्या ११० टक्के मावेल एवढा. उघड्यावर असेल तर वर पत्रा हवाच, नाहीतर पहिल्या पावसात कट्टा पाण्याने भरतो आणि तेल वरून वाहून जातं. पावसाळ्यात उभ्या बॅरलच्या झाकणावर साचलेलं पाणीही दिवस-रात्रीच्या गरम-थंड होण्याने आत ओढलं जातं, म्हणून आडवं ठेवा, दोन्ही बूच एका आडव्या रेषेत, घड्याळात तीन आणि नऊ असतात तिथे.

एवढं झाल्यावर खरेदी छोटीच राहते. मशीनजवळ राखाडी पॅडचं एक बंडल, कूलंट टाकीसाठी थोडे पांढरे, फोर्कलिफ्टच्या वाटेला दाण्याची दोन पोती, गटाराजवळ सॉक, आणि झाकणाचा लोखंडी डबा वापरलेल्या मालासाठी. भुसा पेंट-वॉर्निशच्या बाजूला तर अजिबात नको, जवसाच्या तेलासारख्या वाळणाऱ्या तेलाच्या चिंध्या ढीग करून ठेवल्या तर आपोआप पेटतात. किट स्टोअरमध्ये कुलपात ठेवू नका, रात्रपाळीत स्टोअरकीपर नसतो.